गोव्यातील व्हाळांचे जग: मास्क लावून मासे आणि दगड उलटून कीटक पाहताना

व्हाळकाठ

गोव्यात स्नॉर्केलिंग म्हटले की ग्रँड बेटाकडे निघालेल्या पर्यटकांच्या होड्याच बहुतेकांना आठवतात. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांत सह्याद्रीवरून उतरणारे गोड्या पाण्याचे व्हाळ, म्हणजे ओढे, मात्र आपण काठावरूनच पाहतो, फार तर त्यांत पाय बुडवून बसतो. पावसाळा सरून पाणी निवळल्यावर त्याच व्हाळात मास्क लावून चेहरा बुडवला, तर मांडीभर पाण्यातही माशांच्या अनेक जाती आपापल्या जागा धरून वावरताना दिसतात. मी आणि माझे काही सोबती गेली काही वर्षे असे निरीक्षण करतो आणि त्याच ठिकाणी दगडांखालचे जलकीटकही तपासतो. ही दोन्ही कामे जोडीने केली तरच व्हाळ समजू लागतो, असे माझे मत झाले आहे. ते येथे तपशिलाने मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

आधी पाहण्याच्या पद्धतीविषयी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला, कारण प्रवाह मंदावलेला असतो, गाळ खाली बसलेला असतो आणि कोंडींत (डोहांत) पाणीही पुरेसे असते. प्रवाहाच्या खालच्या बाजूने पाण्यात उतरावे आणि तळाच्या खडकांना धरून, हातांच्या आधाराने वरच्या दिशेला सरकावे. मासे बहुधा प्रवाहाकडे तोंड करून असतात, त्यामुळे आपण त्यांच्या मागून पोहोचतो आणि आपल्या हालचालीने उठलेला गाळही आपल्या मागे वाहून जातो. पाण्याच्या आणि हवेच्या अपवर्तनातील फरकामुळे मास्कमधून वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी आणि एक चतुर्थांशाने जवळ भासते, म्हणून माशांच्या लांबीचा अंदाज करताना तेवढी वजावट करावी लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका जागी काही मिनिटे निश्चल राहावे. आपण आल्यावर पांगलेले मासे तेवढ्या वेळात परततात आणि त्यांचे खाणे, भांडणे, जागा राखणे पुन्हा सुरू होते. काठावरून गळ टाकणाऱ्याला मासा दिसतो, पण हे वागणे दिसत नाही.

पृष्ठभागालगत मलबार डॅनियोंचा निळ्या-पिवळ्या रेघांचा थवा वाहत येणारे किडे टिपत असतो. त्याखाली मधल्या पाण्यात फिलामेंट बार्ब असतात. शेपटीजवळचा काळा ठिपका ही त्यांची खूण असून वयात आलेल्या नराच्या पाठीवरील पराचे किरण धाग्यांसारखे लांब वाढलेले दिसतात. तळाशी गारा मुल्या हा मासा दगडावरचे शेवाळ खरवडत पुढे सरकतो. त्याच्या खालच्या ओठामागे एक चकतीसारखा भाग असतो आणि त्याच्या बळावर तो वेगवान पाण्यातही दगडाला धरून राहतो. खड्यांच्या फटींत पट्ट्यापट्ट्यांचे लोच मासे असतात, जे हलेपर्यंत दिसतच नाहीत. काही सावलीच्या कोंडींत काळ्याभोर, मोठाल्या बेडूकपिल्लांचे थवे भेटतात, ती बहुधा द्विरंगी बेडकाची असतात. वेगवान पाण्यातील जिवांच्या या शरीररचनांचा भारतात पद्धतशीर अभ्यास सुंदरलाल होरा यांनी केला आणि खळाळत्या पाण्यातील प्राण्यांवरील त्यांचा विस्तृत निबंध १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी मांडलेला प्रश्न आजही आपल्या व्हाळात उभे राहून विचारण्याजोगा आहे: एवढ्या ओढीच्या पाण्यात हा जीव वाहून का जात नाही?

या प्रश्नाची उत्तरे माशांपेक्षा कीटकांकडे अधिक आहेत. खळाळातला मुठीएवढा दगड हळूच उचलून पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात धरावा. चपट्या अंगाची, डोळे माथ्यावर असलेली मेफ्लाय या उडत्या कीटकाची पिल्ले दगडाच्या कडेकडेने सरकतात. दगडाच्या अगदी लगतच्या पातळ थरात पाण्याचा वेग फार कमी असतो आणि अंग चपटे असल्यामुळे ती त्या थराचा आसरा घेऊ शकतात. वॉटर पेनी नावाच्या भुंगेऱ्याची अळी तांबूस चकतीसारखी दगडाला इतकी घट्ट चिकटलेली असते की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती दगडाचाच भाग वाटते. कॅडिस माशीच्या काही अळ्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे जोडून अंगाभोवती नळी बांधतात, तर हायड्रोसायकिडी कुळातल्या अळ्या अशी नळी न बांधता दगडांच्या मध्ये बारीक जाळे ताणतात आणि वाहत येणारे अन्न त्यात धरतात. काळ्या माशीची अळी मागच्या टोकाने रेशमाच्या गादीला आकड्यांनी धरून राहते आणि डोक्यावरचे दोन पंखे उघडून पाणी गाळते. धबधब्याच्या थेट माऱ्याखालील खडकावर ब्लेफारिसेरिडी कुळातल्या माशीच्या अळ्या आढळतात. त्यांच्या पोटावर एका ओळीत सहा चोषके असतात.

मासे पाहून व्हाळाचे वागणे कळते आणि कीटक पाहून त्याची प्रकृती कळते. आपण बाटलीत भरलेले पाणी तपासतो तेव्हा त्या क्षणाची अवस्था समजते, पण कित्येक महिने पाण्यात वाढणारे स्टोनफ्लाय या कीटकाचे पिल्लू एखाद्या ठिकाणी जिवंत सापडले, तर त्या सर्व महिन्यांत तेथील प्राणवायू त्याला पुरला असला पाहिजे, असे म्हणता येते. याच तत्त्वावर ब्रिटनमध्ये १९८० च्या सुमारास एक गुणपद्धती तयार झाली, जिच्यात कीटकांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण दिले जातात: पर्लिडी कुळातील स्टोनफ्लायला १०, जाळे विणणाऱ्या कॅडिसला ५, कायरोनोमिडी कुळातील, डासांसारख्या माशांच्या अळ्यांना २ आणि चिखलातील गांडूळवर्गीय किड्यांना १. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने भारतीय नद्यांसाठी तिचे रूपांतर केलेले आहे. शाळा-महाविद्यालयांतील गटांना आणि गावच्या जैवविविधता समित्यांना हे काम सहज जमेल, असे मला मनापासून वाटते.

काणकोणकार

लेख आवडला. दोन शंका आहेत. आमच्या भागातले चांगले व्हाळ बहुतेक खोतीगाव अभयारण्याच्या हद्दीत किंवा तिच्या काठावर आहेत. तेथे असे उतरणे कायद्यात बसते का? आणि सुरक्षिततेचे काय? दर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि कोंडींत बुडून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामुळे या विषयावर उत्साहाने लिहिताना धोक्यांविषयीही स्पष्ट लिहिले जावे, असे वाटते.

व्हाळकाठ

दोन्ही शंका रास्त आहेत. खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई, भगवान महावीर किंवा बोंडला यांपैकी कोणत्याही अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाण्यात उतरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातील प्रवेशासाठीच परवाना लागतो आणि तेथून कोणताही जीव उचलून नेणे हा गुन्हा ठरतो. अभयारण्याबाहेर कुळागरांतून, म्हणजे पोफळी-माडांच्या बागांतून, वाहणारे व्हाळ पुष्कळ आहेत. तेथे बागाईतदाराला विचारून जावे. माझा अनुभव असा की आपण काय पाहतो आहोत हे सांगितले की घरातली मुलेही बघायला येतात.

सुरक्षिततेबाबत आमचे नियम कडक आहेत. जून ते सप्टेंबर कोणीही पाण्यात उतरत नाही, आणि ऑक्टोबरमध्येही घाटमाथ्यावर दुपारचा पाऊस असेल तर नाही, कारण खाली आकाश निरभ्र असताना वरच्या पावसाने व्हाळाचे पाणी अचानक वाढू शकते. पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर त्याच क्षणी काठावर यावे. कमरेपेक्षा खोल कोंडीत आम्ही जात नाही, धबधब्याच्या तळाशी जात नाही आणि एक माणूस कायम काठावर उभा राहून नजर ठेवतो. अंगावर उघडी जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका लक्षात घेऊन त्या दिवशी पाणी टाळावे. हे सर्व फक्त वरच्या, उथळ, खडकाळ व्हाळांसाठी आहे, हेही नमूद करतो. कुंभारजुवे कालव्यात आणि भरतीचे पाणी चढणाऱ्या खालच्या पात्रांत मगरींचे वास्तव्य आहे, त्यामुळे तेथे हा प्रयोग कोणीही करू नये.

सत्तरीकर

माझे घर म्हादईच्या एका उपव्हाळाला लागून आहे, म्हणून वर्षभराच्या चक्राविषयी थोडे लिहितो. आपण वर्णन केलेला काळ हिवाळ्याचा आहे, पण आमच्या गावात व्हाळातल्या माशांची खरी ओळख पहिल्या पावसात होते. मिरगाच्या सरींनी व्हाळ भरला की मासे अंडी घालण्यासाठी उथळ पाण्याकडे, पार भातशेतांच्या पाटांपर्यंत चढतात. या चढणीच्या माशांना धरण्याची रीत जुनी आहे आणि ती पूर्वी हातजाळ्यापुरती, घरच्या कालवणापुरती होती. आता त्याच आठवड्यांत पोटात अंडी असलेले मासे पोत्यांनी धरले जातात, आणि उन्हाळ्यात आटलेल्या कोंडीत ब्लीचिंग पावडर टाकण्याचे प्रकारही घडतात. त्या पावडरीने मासा मरतो, आणि त्याबरोबर दगडाखालचे सर्व किडे, खेकडे व बेडूकपिल्ले संपतात. तसा विषारी झालेला एक कोंड मी पाहिला आहे. पुढच्या पावसापर्यंत तेथे पाण्यावर धावणाऱ्या लांब पायांच्या किड्यांखेरीज काही हलत नव्हते.

दुसरा मुद्दा गाळाचा. खाणींच्या पट्ट्यातून येणाऱ्या व्हाळांचे पाणी हिवाळ्यात स्वच्छ दिसते, म्हणून व्हाळ सुधारला असे लोक म्हणतात. तळाशी हात घातला तर दगड लाल गाळात अर्धे रुतलेले असतात. कीटकांची वस्ती दगडांच्या वरच्या बाजूपेक्षा खालच्या पोकळीत अधिक असते आणि ती पोकळीच बुजली तर पाणी कितीही नितळ असले तरी उपयोग नाही. म्हणून गुण मोजताना दगड गाळात किती रुतला आहे, याचीही नोंद घ्यावी, अशी माझी सूचना आहे.

बंधाऱ्यांविषयीही एक वाक्य लिहितो. मोठ्या गोड्या कोळंबीची मादी अंडी फुटण्याच्या वेळी खाली निमखाऱ्या पाण्यात उतरते, पिल्ले तेथेच वाढतात आणि मग प्रवाहाविरुद्ध वर येतात. फळ्या घातलेला बंधारा त्यांची वाट अडवतो. आपल्याकडे बंधाऱ्याने किती शेती भिजली याचा हिशेब होतो, तसा वर किती कोळंबी पोहोचली याचाही व्हायला हवा.

रानवाट

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, तरीही मी एक विरोधी मत नोंदवतो. व्हाळाचा खळाळ ही अतिशय छोटी वस्ती असते. तेथे दहा जणांचा गट उतरला, प्रत्येकाने दगड उलटले आणि तळ तुडवला, तर ज्यांचा अभ्यास करायचा तेच चिरडले जातील. त्यात अंगाला फासलेली सनस्क्रीन आणि डास पळवणारी मलमे पाण्यात मिसळतात. तांबडी सुर्लला सुट्टीच्या दिवशी होणारी गर्दी आपण पाहतोच. स्नॉर्केलिंगची माहिती पसरली की त्याच्या सहली विकल्या जातील, ही भीती मला वाटते. काठावर बसून दुर्बिणीने चतुर पाहणे पुरेसे का नाही?

व्हाळकाठ

आपली भीती मी निराधार मानत नाही, आणि याच कारणासाठी मी या धाग्यात एकाही व्हाळाचे नेमके ठिकाण दिलेले नाही. पण काठावरून पाहणे पुरेसे आहे, हे मला पटत नाही. सत्तरीकर यांनी सांगितलेला रुतलेला दगड काठावरून दिसला नसता आणि खाण, बंधारा किंवा ब्लीचिंग पावडर यांविषयी ग्रामसभेत बोलायचे असेल तर पाण्याखालची नोंद हाताशी हवी. ज्या व्हाळाची यादीच कोणी केलेली नाही, त्यातून काय नाहीसे झाले हे दाखवता येत नाही.

तरीही मर्यादा असाव्यात. पाण्यात एका वेळी दोघांपेक्षा अधिक नकोत. अंगाला काही न लावता पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. दगड मोजके आणि मुठीएवढेच उचलावेत, आणि त्याच खाचेत, त्याच बाजूने परत ठेवावेत, कारण उजेडाकडची शेवाळी बाजू खाली गेली तर शेवाळ मरते आणि खालचे किडे उघडे पडतात. जाळीने तळ ढवळून नमुने घेण्याची पद्धत संशोधनात सर्रास वापरली जाते, पण हौशी गटांनी ती वर्षातून एक-दोनदाच आणि जाणकाराच्या देखरेखीखाली वापरावी. सहली विकल्या जाण्याबाबत मात्र माझ्याकडे ठोस उपाय नाही, हे मान्य करतो. ठिकाणे जाहीर न करणे एवढेच सध्या आपल्या हाती आहे.

डिचोलीची शिक्षिका

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांना घेऊन हा उपक्रम करावा असे हा धागा वाचून फार वाटते आहे. मुलांना पाण्यात उतरवण्याची जोखीम मी घेणार नाही, परंतु दगडांवरचे कीटक पाहणे घोटाभर पाण्याच्या काठावरही शक्य दिसते. मुलांना कुळांची लॅटिन नावे पाठ करायला लावणे मला योग्य वाटत नाही. साध्या खुणांवरून ओळख कशी करून द्यावी? आणि व्हाळात इतके किडे जगतात कशावर, असा प्रश्न मुले नक्की विचारतील.

पाणकीटक

बाई, सुरुवात शेपट्या आणि कल्ले पाहण्यापासून करा. पिल्लाला दोनच शेपट्या असतील, प्रत्येक पायाला दोन नख्या असतील आणि पोटाच्या कडांना कल्ले नसतील, तर ते स्टोनफ्लायचे. बहुधा तीन, क्वचित दोन शेपट्या, पायाला एकच नखी आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना हलणारे पानासारखे कल्ले असतील, तर ते मेफ्लायचे. शेपटीच्या जागी तीन पाने दिसली तर टाचणीचे, म्हणजे चतुराच्या सडपातळ भाऊबंदाचे, पिल्लू. आखूड, जाडसर अंगाचे आणि शेपटीच्या पानांविना असेल तर चतुराचे. ते गुदद्वारातून पाणी आत-बाहेर करून श्वास घेते आणि धोका वाटला की तेच पाणी जोराने मागे फेकून पुढे झेपावते. हे ट्रेमध्ये प्रत्यक्ष दिसते आणि मुलांना ते सांगावे लागत नाही. चतुराच्या पिल्लाचा खालचा ओठ लांब होऊन भक्ष्य पकडतो, तेही भिंगातून दाखवता येईल. लाल, वळवळणाऱ्या बारीक अळ्या कायरोनोमिडी कुळातल्या. त्यांचा रंग हिमोग्लोबिनमुळे येतो आणि त्यामुळेच त्या प्राणवायू कमी असलेल्या गाळातही तग धरतात. पाण्यावर गोल गोल फिरणारे काळे चकचकीत भुंगेरे दिसले तर त्यांचे डोळे नीट पाहायला सांगा: प्रत्येक डोळ्याचे दोन भाग झालेले असतात, एक पाण्यावर पाहणारा आणि एक पाण्याखाली.

अन्नाच्या प्रश्नाचे उत्तर डोक्यावरच्या झाडांत आहे. दाट सावलीच्या वरच्या व्हाळात ऊन तळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून शेवाळ कमी वाढते आणि उंबर, करंज, जांभूळ यांची गळलेली पाने हेच मुख्य अन्न असते. पानावर आधी बुरशी आणि जिवाणू वाढतात, मग काही अळ्या ते पान कुरतडून त्याचे तुकडे करतात, त्या तुकड्यांचा चुरा खालच्या जाळेवाल्या कॅडिस आणि पंखेवाल्या अळ्या गाळून खातात, आणि या सर्वांवर स्टोनफ्लाय, चतुराची पिल्ले व मासे जगतात. नदी रुंदावत जाते तसतसे हे प्रमाण कसे बदलते, याची मांडणी १९८० साली व्हॅनोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ती उत्तर अमेरिकेतील नद्यांवर आधारलेली आहे, त्यामुळे आपल्या मोसमी व्हाळांना ती जशीच्या तशी लावू नये. आमच्याकडे जूनमधला पहिला लोंढा साठलेला पाचोळा एका फटक्यात वाहून नेतो, आणि हा फरक मुलांनी स्वतः नोंदवावा अशी माझी इच्छा आहे.

रानवाट यांनी चतुरांचा उल्लेख केला म्हणून थोडे अधिक लिहितो. गोव्यातील पश्चिम घाटातून इडियोनिक्स गोमंतकेन्सिस या चतुराची नवीन जाती म्हणून नोंद २०१३ साली झाली, म्हणजे आपल्या घरामागच्या जंगलात काय आहे याची मोजदाद अजून चालूच आहे. जंगलातील व्हाळांवर हिरव्या झळाळत्या मागच्या पंखांची न्यूरोबेसिस टाचणी दिसते. तिची मादी अंडी घालताना पूर्ण पाण्याखाली उतरते. हे दृश्य काठावरून निम्मेच दिसते आणि मास्क लावून स्थिर पडून राहणाऱ्यालाच पूर्ण पाहता येते, त्यामुळे या बाबतीत मी व्हाळकाठ यांच्या बाजूचा आहे.

डिचोलीची शिक्षिका

सविस्तर उत्तराबद्दल आभार. आणखी एक विचारते: शाळेकडे महागडी उपकरणे नाहीत. मुलांनी पाण्याविषयी कोणती मोजमापे घ्यावीत?

पाणकीटक

साधा तापमापक पुरेल. कुळागराच्या सावलीतला आणि झाडे तोडलेला उघडा, असे एकाच व्हाळाचे दोन भाग निवडा आणि सकाळी आठला व दुपारी तीनला दोन्हीकडचे तापमान घ्या. समुद्रसपाटीजवळ २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांला तो साडेसातवर येतो. दुसरीकडे, तापमान वाढले की कीटकाची प्राणवायूची गरज वाढते. दोन्ही भागांतल्या दगडांवरची कुळे शेजारी शेजारी मांडली की काठावरची सावली तोडल्याचा परिणाम मुलांना आपल्याच आकड्यांत दिसेल. त्याबरोबर मीटरपट्टीने पाण्याची खोली मोजा, आणि सत्तरीकर म्हणतात त्याप्रमाणे दगड गाळात पाव, अर्धा की पाऊण रुतला आहे ते लिहा. एकच पट्टा ठरवून नोव्हेंबरअखेर, जानेवारी आणि एप्रिल अशा तीन वेळा तेच काम करावे.

व्हाळकाठ

बाई, तुमच्या शाळेचा गट तयार झाला तर पहिल्या नोंदीच्या वेळी आमच्यापैकी दोघे यायला तयार आहोत. पांढरे ट्रे, भिंगे आणि मऊ कुंचले आम्ही आणू. पाण्याखालचे निरीक्षण आम्ही करून माशांची यादी मुलांना देऊ, म्हणजे एकाच पट्ट्याच्या दोन्ही नोंदी एकत्र होतील. डिचोलीपासून तासाभराच्या आत, अभयारण्याबाहेर, वर्षभर वाहणारा आणि उतरायला सोपी पायवाट असलेला एखादा व्हाळ कोणाच्या माहितीत असल्यास, आणि जमीनमालकाची हरकत नसल्यास, कृपया येथे ठिकाण न लिहिता मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. सत्तरीकर, तुमच्या घराजवळचा उपव्हाळ या अटींत बसतो का?

सत्तरीकर

एप्रिलमध्ये तो सलग वाहत नाही, नुसत्या कोंडी उरतात. त्याच्या वरच्या अंगाला शेजाऱ्यांच्या पोफळीच्या बागेतून जाणारा फाटा मात्र मे महिन्यातही वाहतो. चतुर्थीनंतर त्यांना विचारून कळवतो.